जुन्या मांजरीचं घर

शहरातल्या फ्लॅटमध्ये नवं पिल्लू आलं की जुनी मांजर भांडते. गावातल्या घरात ती बहुतेक वेळा भांडत नाही, निघून जाते. पहिल्या दिवशी फिस्कारते, दुसऱ्या दिवसापासून फक्त जेवणापुरती येते आणि आठ-पंधरा दिवसांत शेजाऱ्याच्या गुरांच्या कोठ्यात नाहीतर वावरातल्या झोपडीत मुक्काम हलवते. घरचे म्हणतात, रुसली. तोवर पिल्लू सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळायला लागलेलं असतं, आणि इतकी वर्षं कोठीतले उंदीर राखणारी मांजर गेली याची बोच कुणाला फारशी लागत नाही. मला ती लागते. म्हणून हा लेख पिल्लाचा कमी आणि त्या जुन्या मांजरीचा जास्त आहे.

आपल्याकडचं घर बंद नसतं. समोर उघडी सपरी, मागच्या दाराची एखादी फळी निघालेली, कवेलू सरकून पडलेली फट, सांदवाडीकडची बिनगजाची खिडकी. मांजरीला निघून जायला वाट असली तर ती अंगावर ओरखडे घेत बसत नाही. एकट्यानं शिकार करणाऱ्या जनावराला जखम परवडत नाही. पाय दुखावला की पोट उपाशी. आपल्या घरच्या मांजरींचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरं. ती धान्याच्या साठ्यावरच्या उंदरांमागे माणसाच्या वस्तीत आली आणि तिथेच राहिली. सायप्रसमध्ये सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेली सापडली आहे. इतका जुना सहवास असूनही कळप करायची सवय मांजरीला पूर्णपणे लागलेली नाही. खायला भरपूर असेल तिथे मायलेकी, बहिणी एकत्र राहतात, एकमेकींची पिल्लंही चाटतात. पण ते नात्यातलं. अनोळखी वासाचं पिल्लू तिच्या लेखी परकं मांजरच, फक्त आकारानं लहान.

त्यामुळे "लायनं पिल्लू हाये, घेईन सांभायून" या भरवशावर पिल्लू अंगणात सोडून देणं चूक आहे. नुकती व्यालेली, दूध पाजणारी मांजर तिच्या पिल्लांच्या वयाचं अनाथ पिल्लू बऱ्याचदा पोटाशी घेते, हे खरं. बाकी मांजरींकडून मायेची अपेक्षा धरू नये. त्यांना सवय व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ महिन्याच्या हिशेबात धरावा. महिन्याभरात जमलं तर उत्तम, दोन महिने लागले तरी काही बिघडलं असं नाही. नसबंदी न झालेला मोठा बोका घरात असेल, तर आधी त्याची नसबंदी, मग महिना-दीड महिना थांबणं आणि मग पिल्लू. शस्त्रक्रियेनंतरही त्याच्या अंगातला जोर उतरायला काही आठवडे जातात, आणि परक्या बोक्यानं लहान पिल्लं मारणं ही खेड्यात सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. मांजर दहा-बारा वर्षांची, सांधे धरलेली, दिवसभर एकाच जागी पडून राहणारी असेल तर खरं तर पिल्लू आणूच नये. आणायचंच असेल तर एकाच वेतातली दोन आणावीत. ती एकमेकांशी झोंबतात आणि म्हातारीची शेपूट सुटते.

पिल्लू किती दिवसांचं घ्यावं? आठ आठवड्यांच्या आत मुळीच नको, बारा आठवड्यांचं मिळालं तर फार चांगलं. माणसाची, आवाजांची, दुसऱ्या जनावरांची सवय मांजरीला दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात सर्वांत लवकर लागते, आणि दुसऱ्या मांजरीशी वागायची रीत ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं: किती जोरात चावायचं, समोरच्यानं कान मागे घेतले की कधी थांबायचं. चार आठवड्यांत उचलून आणलेलं पिल्लू हे न शिकताच मोठं होतं आणि पुढे जुन्या मांजरीनं दिलेली ताकीद त्याला वाचता येत नाही. वय कुणी सांगत नसेल तर वजन करावं. महिन्याभराचं पिल्लू साधारण 450 ग्रॅमचं, दोन महिन्यांचं 900 ग्रॅमच्या आसपास. किराणा दुकानातला काटा त्यासाठी पुरतो. ते वजन वहीत लिहून ठेवा, जंताचं औषध वजनावरच ठरतं.

इथे विदर्भापुरती एक गोष्ट सांगायलाच हवी. कपाशी वेचताना, तूर सोंगताना, गहू काढताना धुऱ्यावर पिल्लं सापडतात आणि लोक ती 'अनाथ' म्हणून घरी आणतात. आपल्या शिवारात रानमांजर आहे आणि वाघाटी ही त्याहून लहान रानटी मांजरही आहे. वाघाटीचं पूर्ण वाढलेलं मांजरच एक-दीड किलोचं असतं, त्यामुळे ती घरची पिल्लं वाटणं सहज शक्य आहे. ही वन्यजीव आहेत, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती घरी पाळता येत नाहीत आणि ती घरात रमतही नाहीत. बहुतेक वेळा आई जवळच असते, माणसं हटायची वाट बघत. तेवढा वेळ कापणी थांबवावी, लांबून लक्ष ठेवावं, संध्याकाळपर्यंत आई आली नाही तर वन विभागाला कळवावं. घरच्या मांजरीच्या पिल्लांनाही हेच लागू. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपण म्हणतो, आणि एक-एक करून पिल्लं हलवताना मधल्या वेळेत जे मागे राहतं ते टाकलेलं नसतं.

मुहूर्ताचंही बघावं लागतं. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, वर्धा, अकोल्यात पारा 45 च्या वर जातो. पिल्लाला वेगळं ठेवायला जी खोली आपण रिकामी करतो ती बहुतेक घरांत टिनाच्या छपराची असते, कारण चांगली खोली माणसांना लागते. त्या खोलीत दुपारी बंद केलेलं पिल्लू संध्याकाळी जिवंत असेल याची खात्री नाही. मांजरीच्या अंगाचं तापमान मुळात 38 ते 39 अंश असतं, 40 च्या वर गेलं की धोका. तोंड उघडून धापा टाकणारी मांजर दिसली तर थंड जागी नेऊन ओल्या फडक्यानं पोट, काखा आणि तळवे पुसत दवाखाना गाठायचा. दुसरं, उन्हाळ्यात घरातली भांडणं अन्नावरून होत नाहीत, गारव्यावरून होतात. माठाखालची ओली वाळू, कूलरच्या झोताची जागा, न्हाणीतला दगड: घरात गार जागा तीनच, आणि तिन्ही जुन्या मांजरीच्या. तिथे पिल्लू जाऊन झोपलं की तिनं घर सोडायला वेगळं कारण लागत नाही. पिल्लं उन्हाळ्यातच जास्त मिळतात हे माहीत आहे, पण ओळख करून द्यायला दिवाळीनंतरचे थंडीचे महिने फार सोपे जातात. मे महिन्यात आणावंच लागलं तर पिल्लासाठी वेगळा माठ भरून त्याखाली वाळू टाकावी, पोत्याचा ओला पडदा खिडकीला लावावा, आणि खोली दुपारी एक वाजता आपण स्वतः दहा मिनिटं आत बसून तपासावी.

दिवाळीनंतर म्हणालो, दिवाळीत नाही. त्याचं कारण वासात आहे. मांजरीच्या गालांत, हनुवटीत, डोळा आणि कान यांच्या मधल्या विरळ केसांच्या भागात, पंजात आणि शेपटीच्या मुळाशी वासाच्या ग्रंथी असतात. ती दाराच्या चौकटीला, बाजेच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासते तेव्हा तो वास तिथे लावते. माणसाच्या नाकाला तो येत नाही. चौकटीवर मांजरीच्या उंचीला तेलकट काळपट पट्टा दिसतो, तो याचाच. असे पट्टे जागोजागी असले की मांजरीला ते घर ओळखीचं वाटतं. दिवाळीत आपण चुना मारतो, दारांना रंग देतो, सगळी जमीन सारवतो, फिनाईलनं फरशी पुसतो. मांजरीच्या लेखी घर कोरं होतं. त्याच आठवड्यात त्या कोऱ्या घरात परक्या मांजरीचा वास आला, तर स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे काही उरत नाही. लग्नघराचंही तसंच. रंगकाम आणि पिल्लू यांत महिनाभराचं अंतर ठेवा, आणि मध्यंतरी चौकटींचे खालचे दीड फूट फडक्यानं पुसू नका. फिनाईल तर मांजरीच्या घरात नकोच. त्यातले फिनॉलसारखे घटक मांजरीच्या यकृताला झेपत नाहीत, आणि पंजाला लागलेलं ती चाटून पोटात घेते.

आता वेगळी खोली. पहिले चौदा दिवस पिल्लू जुन्या मांजरीला दिसताही कामा नये, आणि त्यामागे आधी आजाराचं कारण आहे, स्वभावाचं नंतर. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा उलट्या-हगवणीचा संसर्गजन्य रोग, ज्याला सगळे मांजरांचा पार्वो म्हणतात, तो अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जातात. म्हणजे आज उड्या मारणारं पिल्लू पुढच्या सोमवारी उलट्या करत असू शकतं. त्याचा विषाणू जमिनीत, पोत्यात, भांड्याच्या कडेला वर्षभर टिकतो. साबणानं तो मरत नाही, सॅनिटायझरनं मरत नाही. कपड्यांसाठी मिळणारं पातळ ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, 1 लिटर पाण्यात साधारण 30 ते 35 मिली घालून दहा मिनिटं ओलं ठेवलं तर मरतो. पण आधी जागा साबणानं धुऊन घ्यावी लागते, कारण घाण असेल तिथे ब्लीचचा जोर संपून जातो. यामुळेच शेणानं सारवलेली जमीन निर्जंतुक करता येत नाही. शेण-मातीच ब्लीच खाऊन टाकते. पिल्लासाठी शहाबादी फरशीची किंवा सिमेंटची खोली निवडा. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा आम्ल कधीही मिसळू नका, आणि धुतल्यावर साध्या पाण्यानं पुन्हा पुसून खोली वाळू द्या. घरात गेल्या वर्षभरात उलट्या-हगवणीनं मांजर दगावलं असेल तर लसीकरण पूर्ण झालेलंच मांजर आणावं. पॅनल्युकोपेनियासह तीन आजारांवरची तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी देत सोळा आठवड्यांपर्यंत न्यावी लागते. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. जुन्या मांजरीची लस पिल्लू येण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी टोचून घ्या. गावचा पशुवैद्यकीय दवाखाना प्रामुख्यानं गाई-बैलांसाठी असतो, मांजरीची तिहेरी लस तिथे असेलच असं नाही. आधी विचारून घ्या, नसेल तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागेल. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यालाही पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे.

पिल्लाच्या खोलीतून निघताना हात धुवायचे, चप्पल तिथलीच ठेवायची. घरातली पोरं हे पाळत नाहीत, म्हणून कडी वर लावायची.

पिसवा आणि गोचिडांचं सांगतो, कारण खेड्यात या एका चुकीनं जितकी मांजरं मरतात तितकी भांडणानं मरत नाहीत. बैलांच्या गोचिडांवरचं औषध, म्हणजे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, किंवा कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनचं औषध, पाणी घालून पातळ केलं तरी मांजरीवर मारायचं नाही. अंग थरथरतं, झटके येतात, मांजर मरते. फवारलेल्या बैलाच्या अंगाला घासली तरी त्रास होऊ शकतो, म्हणून फवारणीच्या दिवशी कोठ्याचं दार बंद. पिल्लाच्या पिसवा बारीक फणीनं काढून साबणाच्या पाण्यात बुडवा, अंग कोमट पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करा. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर पिसवांनी रक्त संपवलंय, तेव्हा घरगुती काही न करता त्याच दिवशी डॉक्टर. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा नाही. मांजरीसाठी ते विषच आहे. जंत बहुतेक पिल्लांत आईच्या दुधातूनच आलेले असतात, म्हणून पोट फुगलेलं दिसो न दिसो, डॉक्टरांना वजन सांगून औषध घ्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा द्या. कोठीत उंदराचं औषध टाकलेलं असेल तर ते पिल्लू यायच्या आधी उचला. मेलेला उंदीर खाऊनही मांजर मरते.

खोलीत लागतं ते थोडंच. एक खोकं, त्यात जुन्या लुगड्याची घडी. पाण्याचं भांडं एका कोपऱ्यात, खाण्याचं त्यापासून दूर, आणि हगण्या-मुतण्याचं घमेलं दोन्हींपासून लांब. घमेल्याची कड पिल्लाला चढण्याजोगी, दोन-तीन इंच. त्यात चाळलेली कोरडी माती किंवा वाळू दोन इंच. भंडारा-गोंदियाकडे धानाचं तूस वापरता येतं. चुलीची राख एकटी नको. ओली झाली की पंजाला चावते आणि कोरडी असली की नाकात जाते. घमेली घरात जेवढी मांजरं तेवढी आणि वर एक. जुनी मांजर बाहेर जात असली तरी तिच्यासाठी एक ठेवा, कारण मागच्या दारापर्यंतची वाट पिल्लानं अडवली तर ती आत करायला लागते.

दूधपोळीबद्दल मत स्पष्ट आहे: ते मांजरीचं अन्न नाही. गाई-म्हशीच्या दुधानं बहुतेक पिल्लांना हगवण लागते. पोळीत टॉरिन हा घटक नसतो. तो मांसातून मिळतो, आणि तो कमी पडला की मांजर आंधळी होते, हृदय फुगतं. दोन-तीन महिन्यांच्या एक किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम पिल्लांचं कोरडं खाद्य पुरतं, चार वेळा वाटून. ते मिळत नसेल तर उकडलेलं बिनहाडांचं चिकन, उकडलेलं अंडं, काटे काढलेली मासळी, मीठ-तिखट-कांदा न घालता. पण नुसत्या मांसानं कॅल्शियम कमी पडतं, म्हणून हा कायमचा उपाय नाही. आणि उपाशी ठेवली की उंदीर जास्त पकडते, हा समज सोडून द्या. पोट भरलेली मांजरही शिकार करते. उपाशी मांजर फक्त लवकर शेजारी जाते.

चौदा दिवस उलटून पिल्लू ठणठणीत असेल तर वासाची देवाणघेवाण. दोन वेगळी सुती फडकी घ्या. एकानं पिल्लाचे गाल हलके पुसा, दुसऱ्यानं जुन्या मांजरीचे. पिल्लाचं फडकं जुन्या मांजरीच्या जेवणाच्या ताटलीपासून चार-पाच हातांवर ठेवा. तिच्या झोपायच्या जागेवर कधीच नाही. ती जागा तिचीच राहिली पाहिजे. ती येईल, हुंगेल, कदाचित तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर थबकेल. टाळूतल्या वेगळ्या अवयवानं ती वास पारखत असते, त्यात राग नाही. फिस्कारली तर फडकं आणखी लांब. हुंगून जेवायला वळली तर दुसऱ्या दिवशी हातभर जवळ. फडकं ताटलीशेजारी असताना ती मान वर न करता जेवते तेव्हा पुढची पायरी घ्यायची, त्याआधी नाही. तिचं फडकं पिल्लाच्या खोक्यात ठेवा. पिल्लू बहुधा त्यावर झोपूनच जातं. मग जागाही अदलाबदल करा: जुनी मांजर तासभर पिल्लाच्या खोलीत, पिल्लू माजघरात. ती आपणहून आत गेली तरच. उचलून नेऊन दार लावू नका.

मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. दोघांच्या ताटल्या दारापासून सहा फुटांवर. दोघं पूर्ण जेवली तर पुढच्या वेळी अर्धा फूट जवळ. कुणी जेवण सोडून दाराकडे टक लावली की पुन्हा एक फूट मागे. जुन्या मांजरीला या दिवसांत नेहमीपेक्षा चांगलं द्या, आणि ते दाराजवळच द्या: पिल्लाचा वास आला की चांगलं खायला मिळतं, एवढंच तिच्या मनात बसायला हवं. ताटल्या दाराला टेकल्या की दाराच्या जागी जाळी. डासांची जाळी दोन दिवसांत फाटते. अर्धा इंच चौकोनांची लोखंडी जाळी लाकडी चौकटीला ठोकून दारात बांधा, किमान पाच फूट उंच. कोंबड्यांच्या जाळीची मोठी भोकं नकोत, पिल्लाचं डोकं अडकतं. जाळीवर आधी जुनं लुगडं टाका आणि रोज खालून चार बोटं वर घ्या. म्हणजे आधी पाय दिसतात, मग अंग, शेवटी तोंड. इथे घाई करणारे लोक सगळ्यात जास्त. दोघांना उचलून नाकाला नाक लावायची आपल्याकडची पद्धत तर पूर्ण बंद करा. हातात धरलेल्या मांजरीला पळायला वाट नसते, आणि ती नखं तुमच्या हातात रुतवते. अंगणातून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लानं चावलं-ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. हळद-चुना नको.

जाळीमागे दोघं आठवडाभर शांत जेवली की समोरासमोर भेट. आधी पिल्लाला दहा-पंधरा मिनिटं पळवून दमवा. पऱ्हाटीच्या काडीला कापडाची पट्टी बांधली की खेळणं तयार. खेळ संपला की ती पट्टी उचलून ठेवा, गिळलेला दोरा आतड्यात गोळा करतो. जुन्या मांजरीचं पोट भरलेलं असावं, मागचं दार उघडं असावं आणि उंचावर तिची एक जागा, माळा, कोठीची वरची फळी, आडवी बल्ली, पिल्लाला चढता येणार नाही अशी मोकळी असावी. भेट पाच मिनिटांची. चांगली चालली असतानाच संपवा. रोज दोनदा, दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवत. हाताशी धान्य पाखडायचं एक सूप ठेवा. झटापट झालीच तर सूप दोघांच्या मध्ये उभं सरकवा. नजर तुटली की बहुतेक भांडण तिथेच विझतं. हात मध्ये घालायचा नाही, ओरडायचं नाही, पाणी फेकायचं नाही. त्या दिवशी परत भेट नको. खवळलेली मांजर शांत व्हायला काही तास, कधी पूर्ण दिवस घेते आणि तोवर जवळ येईल त्याच्यावर राग काढते.

फिस्कारणं, एखादी नखं आत ठेवून मारलेली चापट, चालेल. ही ताकीद आहे, पिल्लानं ती ऐकली पाहिजे. खेळात आवाज नसतो, पाळी बदलते, कधी हा खाली कधी तो. एकच जण सतत खाली, किंचाळणं, केस उडणं, कान मागे चिकटलेले, असं दिसलं की थांबवा. पण याहून जास्त लक्ष द्यायची गोष्ट शांत असते. पिल्लू दारात पसरून बसतं आणि जुनी मांजर वळून जाते. ती ताटलीजवळ यायची वेळ बदलते. गाल घासायची थांबते. अंगाची चाट कमी होऊन पाठीवरचे केस चिकट दिसतात, किंवा पोटाचे केस चाटून चाटून विरळ होतात. आता ती निघायच्या वाटेवर आहे असं समजा आणि जाळीच्या पायरीवर परत जा. चोवीस तास तिनं काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासानं, विशेषतः जाड मांजरीच्या, यकृतात चरबी साचते. बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि लघवी थेंबभर किंवा अजिबात नाही, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत मरतो, आणि घरातल्या ताणानं हा त्रास उफाळतो.

दोघं एकत्र राहायला लागली तरी ताटल्या दोन, जागा दोन, एकमेकांना पाठ करून. जुन्या मांजरीची ताटली आधी भरा. तिची ये-जा करायची खिडकी कुठल्याही कारणानं बंद करू नका. रात्री पिल्लू त्याच्या खोलीत, किमान दोन महिने. रात्रीच तिचं शिकारीचं काम असतं आणि रात्रीच पिल्लाचा दंगा. पिल्लाला नसबंदीपर्यंत आवाराबाहेर सोडायचं नाही. उघडी विहीर, गावची कुत्री, फवारणी केलेली कपाशी, यांतलं काहीच त्याला अजून कळत नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्यात नसबंदी उरका. मादी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, नर सहा महिन्यांच्या आसपास मूत फवारायला लागतो, आणि तोवर जमवून आणलेलं सगळं त्या एका वासानं मोडतं. दवाखान्यातून परत आलेल्या मांजरीला औषधांचा, दुसऱ्या जनावरांचा वास असतो. घरची मांजर तिला ओळखत नाही, परकी समजून फिस्कारते. त्या दिवशी तिला पुन्हा वेगळ्या खोलीत चोवीस तास ठेवा, घरच्या मांजरीच्या गालावरून फिरवलेल्या फडक्यानं तिचं अंग पुसा, टाके टाळून, आणि पहिलं जेवण दाराच्या दोन बाजूंना द्या. या वेळी बहुधा एक-दोन दिवसांत काम होतं.